न विचारलेला प्रश्न

उन्हाळ्यांत भिवापुरास येणाऱ्याचें स्वागत प्रथम मिरची करते. वाळत घातलेल्या त्या लाल राशींजवळून जातांना दोन शिंका आल्या, कीं आपण गांवांत पोंचलों असें समजावें. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या वडिलार्जित वाड्यांत सर्व मंडळी जमली होती, ती मात्र एका नाजूक प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं.

आमच्या धाकट्या बंधूंच्या लग्नास बारा वर्षें झालीं. घरांत पाळणा हालला नाहीं. दत्तक घ्यावें कीं न घ्यावें? काकांचें म्हणणें, "नात्यांतला मुलगा घ्या, वंश चालला पाहिजे." आम्ही उलट बाजू घेतली. "वंशाचा एवढा बाऊ आतां जगांत कोणी करीत नाहीं," असें आम्ही ठणकावून सांगितलें. दोन दिवस वाद चालला. चहाला मात्र खळ नव्हता.

आमची पुतणी नागपुरास संख्याशास्त्र शिकविते. ती म्हणाली, "काका, जग काय म्हणतें हें अंदाजानें कशाला बोलायचें? पाहूं या कीं." तिनें संगणक उघडला व जपानी लोकांच्या मतांचा एक संग्रह शोधून काढला. तेथील संख्याशास्त्रीय गणित संस्था १९५३ सालापासून दर पांच वर्षांनीं जपानी राष्ट्रस्वभावाची पाहणी करीत आली आहे. तेच प्रश्न, शक्यतों त्याच शब्दांत. प्रश्न निवडला कीं सालागणिक उत्तरें ओळीनें पुढें येतात. त्यांत आमचाच प्रश्न निघाला: मूल नसेल, तर रक्ताचें नातें नसलेलें मूल दत्तक घेऊन घराणें चालवावें काय?

जपानांत जांवयालाच दत्तक घेऊन घराण्याचें नांव देण्याची जुनी चाल आहे. १९५३ सालीं शेंकडा ७० हून अधिक लोकांनीं "घ्यावें" असें म्हटलें. पुढें आंकडा पायरी-पायरीनें उतरत गेला, आणि एकविसाव्या शतकांत तो शेंकडा २५ च्या आंत आला. आम्ही विजयी मुद्रेनें काकांकडे पाहिलें. काका शांतपणें म्हणाले, "म्हणजे १९५३ चे लोक शहाणे होते!"

पुतणी हंसली नाहीं. ती म्हणाली, "आंकडा पाहिलात, पण विचारलें कोणाला, तें पाहिलेंत का?" ती सांगूं लागली. मतदारांच्या वा रहिवाशांच्या यादींतून, चिठ्ठ्या टाकाव्या तशीं माणसें निवडतात. चिठ्ठी सासऱ्याची निघेल, तशी सुनेचीही निघेल. आणि दोघांचें मत सारखेंच मोजलें जाईल. थोड्यांवरून सर्वांचा अदमास बांधण्याचें हें शास्त्र आपणांसही परकें नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनीं त्यावर १९५४ सालीं ग्रंथ लिहिला. पण त्याचा पहिला नियम हाच, कीं सोयीचींच माणसें विचारावयाचीं नाहींत.

आम्ही मनांत मोजलें. घरांत मोठीं माणसें नऊ. दोन दिवस बोललों चौघे, आणि चौघेही पुरुष. ज्या बाईच्या मांडीवर तें मूल यावयाचें, ती स्वयंपाकघरांत आमच्यासाठीं चहा गाळीत होती.

आम्हींच तिला बाहेर बोलावलें व विचारलें, "तुला काय वाटतें?" ती बराच वेळ पदराशीं चाळा करीत राहिली. मग म्हणाली, "दादा, वंशासाठीं म्हणाल तर नको. पण मूल हवें आहे. मुलगी मिळाली तर अधिक बरें." बंधु चकित होऊन पाहत राहिले, बारा वर्षांत त्यांनींही हें ऐकलें नव्हतें. काकू माळ ओढतां ओढतां एवढेंच म्हणाल्या, "आमच्या वेळीं मुलगी दत्तक घेतां येत नसे." तें खरें होतें. १९५६ च्या कायद्यानें ती मोकळीक दिली, आणि पतीनें दत्तक घेतांना पत्नीची संमति लागते, असेंही ठरविलें.

तिचें उत्तर त्या जपानी तक्त्याच्या कोणत्याच रकान्यांत बसत नव्हतें. आमचा नकार व काकांचा होकार हीं एकाच प्रश्नाचीं उत्तरें होतीं. तिचा प्रश्नच निराळा होता. पाहणी कितीही काटेकोर असो, प्रश्न ज्यानें घातला त्याच्या मनांतलें कांहीं त्यांत राहतेंच. घरांतल्या वादांत तर तें किती राहत असेल!

नवरा-बायकोंनीं आतां रीतसर अर्ज केला आहे. वाट पाहणें दीर्घ असतें, असें जाणते सांगतात. काकांचा रुसवा महिनाभर टिकला. परवां मात्र त्यांनीं पुतणीस दूरध्वनि करून विचारलें, "मुलीचें नांव काय ठेवावें, याची पाहणी जपान्यांनीं केली आहे काय ग?" पुतणी म्हणाली, "आजोबा, तें काकूलाच विचारा."