यादी बाजूला ठेव

चि. सई,


तू पाठवलेलं रेखाटन ओळखीचं निघालं. चित्रकार आंद्रे मासाँचं, 1924 सालचं, कागदावर शाईने काढलेलं. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. आकाराने जेमतेम वीतभर. ‘मामा, याचा अर्थ काय?’ असं विचारलंस आणि खाली गाइडातली यादीही उतरवलीस: हात म्हणजे इच्छा, पक्षी म्हणजे मुक्ती. ती यादी तूर्त बाजूला ठेव.

मासाँ विषय ठरवून बसायचाच नाही. टाक कागदावर टेकवायचा आणि हात पळू द्यायचा. रेषांच्या गुंत्यात कुठे बोटं, कुठे धड दिसू लागलं, की वाटलं तर तेवढं ठळक करायचा. (अशा रेखाटनाला ‘आपोआप’ काढलेलं म्हणतात, पण ते अर्धंच खरं, निवड होतीच.) पण रेषा आधी आली, आकृती नंतर. मग तूही त्याच क्रमाने बघ. मधोमध दाटी आहे, कडांना कागद कोरा आहे. रेषा कुठे सरळ सुटते, कुठे गर्रकन वळून स्वतःलाच छेदते, ते बोटाने गिरवून पाहा. चित्राचा भाव त्या वेगात आहे. मला त्यात दुःख दिसत नाही, अधीरता दिसते. थोडी मस्तीसुद्धा.

त्याच वर्षी, 1924 च्या ऑक्टोबरात, आंद्रे ब्रेतोंचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा आला. विवेकाचा पहारा उठवा आणि मन बोलेल ते टिपा, असं त्याचं म्हणणं. हा माणूस वैद्यकाचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात त्याने मनोरुग्ण सैनिकांच्या इस्पितळात काम केलं होतं. डिसेंबरात अतिवास्तववाद्यांचं नियतकालिक निघालं, त्याच्या पहिल्याच अंकात मासाँची अशी रेखाटनं होती.

प्रतीकं शोधायचीच असतील तर मासाँच्याच इतर चित्रांत शोध. तिथे डाळिंब पुन्हा पुन्हा भेटतं. तुझं गाइड म्हणेल, डाळिंब म्हणजे सुफलता. पण मासाँ 1917 मध्ये शमाँ दे दामच्या लढाईत छातीत गोळी लागून रात्रभर रणांगणावर पडून होता. त्याचं उकललेलं डाळिंब युद्धात पाहिलेल्या सैनिकाच्या फुटलेल्या कवटीशी जोडलं जातं. हा अर्थ कुठल्याही यादीत सापडायचा नाही. उलट, एवढं कळल्यावर त्याच्या प्रत्येक रेषेत युद्ध बघत सुटलीस, तर तीही यादीच झाली.

परीक्षेत गाइडातलं लिहायचं तर लिही, गुणांशी माझं भांडण नाही. पण मला पाठवशील ते टिपण वेगळं हवं. रेषा पहिल्यांदा कुठे अडखळली आणि तिथे तुला काय वाटलं, एवढंच लिहून पाठव.

तुझा,
मामा