चढत्या वर्षाची चिकट वडी

दक्षिण चीनमधील ग्वांगझू हे पर्ल नदीकाठचे मोठे व्यापारी शहर. त्याचे एक जुने लाडके नाव आहे ‘स्वेइ’, म्हणजे धान्याची लोंबी. दंतकथा अशी की, पाच देवपुरुष पाच बकऱ्यांवर बसून येथे आले, लोकांच्या हाती धान्याच्या लोंब्या देऊन निघून गेले आणि मागे राहिलेल्या बकऱ्यांचे दगड झाले. शहरातील युएशिउ उद्यानात या बकऱ्यांचे दगडी शिल्प आहे. अशा गावात नववर्षाचा मान तांदळाच्या पदार्थाला मिळाला, तर नवल कसले?

चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान, बहुधा आपल्या पौष अमावास्येच्या सुमारास येते. त्याआधी ग्वांगझूत फुलांचे बाजार भरतात. पीचच्या बहरलेल्या फांद्या आणि इवल्या संत्र्यांसारख्या फळांनी लगडलेल्या कुंड्या घेऊन माणसे घरी परततात. लिवान या जुन्या भागातील गल्ल्यांमधून फिरताना मात्र नाकाला कळते ते वेगळेच: गूळ आणि तांदूळ एकत्र वाफवल्याचा वास. घराघरांत ‘नियन गाओ’ शिजत असतो.

नावातच आशीर्वाद

‘नियन’ म्हणजे वर्ष आणि ‘गाओ’ म्हणजे वाफवलेली जाड वडी. पण ‘उंच’ या शब्दाचा उच्चारही ‘गाओ’च. म्हणून ही वडी खाणे म्हणजे येणारे वर्ष चढते जावो, अशी इच्छा धरणे. मुलांची उंची वाढो, धंदा वाढो, सारे त्यात आले. वर्षअखेर चुलीचा देव घरातील बऱ्यावाईटाचा अहवाल द्यायला स्वर्गात जातो, असा समज आहे. त्याचे तोंड गोड व्हावे आणि शक्य तर चिकटूनच बसावे, म्हणून त्याला असे चिकट गोड पदार्थ देतात!

साहित्य अगदी थोडे

चिकट तांदळाचे पीठ, उसाच्या तपकिरी साखरेच्या वड्या आणि पाणी. बस्स! साखर गरम पाण्यात विरघळवून ते पाणी कोमट होऊ देतात. मग ते थोडे थोडे पिठात ओतत, गुठळ्या मोडत सरसरीत मिश्रण करतात, गाळतात आणि तेल लावलेल्या डब्यात ओततात. वाफेचे थेंब वर पडू नयेत म्हणून झाकणाला फडके बांधतात. भांड्यातील पाणी आटले, तर उकळतेच पाणी घालायचे. मोठ्या वडीला काही तास लागतात. चॉपस्टिक खुपसली आणि कच्चे पीठ लागले नाही, की झाले. वर एक लाल सुके बोर.

साध्या तांदळाच्या पिठाने मात्र हे जमत नाही. तांदळातील स्टार्च दोन प्रकारचे असते, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. चिकट तांदळात जवळजवळ सगळे अमायलोपेक्टिनच, म्हणून त्याला ही रबरासारखी ओढ येते.

गरम वडी कापायची नाही, सुरी अडकते. ती रात्रभर निवू द्यायची. सणाला तिचे काप अंड्यात बुडवून तव्यावर परततात. बाहेरून खरपूस, आतून तार निघेल इतकी मऊ.

पूर्वी तांदूळ भिजवून जात्यावर दळत आणि घरातल्या बायका रात्र रात्र चुलीपाशी बसत. आता दुकानांत आणि हॉटेलांत तयार वड्यांचे सुंदर खोके मिळतात. नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलांना वर्षातून एकदाच घरी येणे जमते, तीही येताना खोका घेऊन येतात. त्यात वाईट काही नाही. पण पीठ किती पातळ हवे, हे खोक्यावर लिहिलेले नसते. ते आजीच्या हाताला ठाऊक असते, आणि शेजारी उभे राहून पाहणाऱ्या नातीलाच कळते. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने चिनी वसंतोत्सवाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. मात्र हा वारसा टिकायचा तो अशा स्वयंपाकघरांतच.

घरी करून पाहायचे असल्यास २५० ग्रॅम चिकट तांदळाचे पीठ, २०० ग्रॅम काळसर गूळ आणि सुमारे ३०० मिली पाणी घ्या. आसामचा बोरा तांदूळ चिकटच असतो, तो भिजवून वाटला तरी चालेल; मात्र तो पाणी पितो, म्हणून वर घालायचे पाणी कमी करा. पसरट डब्यात, मोदकपात्रात तासभर वाफवा. अंडे खात नसाल, तर काप नुसत्या तेलावर परता. आणि मुलांना जवळ उभे करायला विसरू नका.