गोलंदाज

गोलंदाज म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर बुमराहच येतो. पण २८ सप्टेंबर १८२७ ला ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत गोलंदाज बटालियनची आठवी कंपनी उभी राहिली, तेव्हा गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा देशी शिपाई. तीच पुढे ‘पाच बॉम्बे माउंटन बॅटरी’ झाली.

१८५७ नंतर इंग्रजांनी देशी हातांतून तोफा काढून घेतल्या. राहिल्या मोजक्या डोंगरी बॅटऱ्या. छोटी तोफ, सुटे भाग खेचरांवर लादायचे, वर नेऊन जोडायचे. चढ आपला, घाम आपला. मोठ्या तोफा मात्र गोऱ्यांकडे. मैदानी तोफखाना भारतीयांच्या हाती यायला १९३५ उजाडलं.

ऐरोलीतल्या ऑफिसात हे वाचताना मला पहिला शब्द सुचला तो ॲक्सेस. कोड आम्ही लिहायचा, लाइव्ह करायची परवानगी सातासमुद्रापार. तुलना ओढूनताणून आहे, कबूल. इथे कोणाचा जीव जात नाही. पण काम पूर्ण घ्यायचं आणि विश्वास हप्त्यांनी द्यायचा, ही रीत ओळखीची वाटली.

ती बॅटरी आज भारतीय लष्करात आहे. २८ सप्टेंबरला आपला तोफखाना ‘गनर्स डे’ साजरा करतो, तो तिच्याच वाढदिवसाला.