उलटलेलं पान

मोतीबिंदू काढल्यावर काही दिवस वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आम्हा लिहिणाऱ्यांची शनिवारची बैठक बुडणार म्हणून मी हळहळत होतो, तर सगळेच घरी आले. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अण्णा, घरचा स्वयंपाक उरकून येणाऱ्या वहिनी, बँकेतला मुलगा. आमच्यात नावाजलेलं कुणी नाही.

माझी अर्धवट कथा वहिनींनी वाचली. काळा चष्मा लावून मी ऐकत राहिलो. आपला सदरा दुसऱ्यानं घालावा, तशी माझी वाक्यं वाटत होती. कुठं घट्ट, कुठं ढगळ. मधेच त्या थांबल्या. वाटलं, आता चूक काढणार. पण त्या फक्त पान उलटत होत्या. कागदाचा तो आवाज अजून कानात आहे.

नाशिकला लिहिणाऱ्यांचं तसं अप्रूप नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. विहितगावच्या कथाकार बाबूराव बागुलांनी रेल्वेतही नोकरी केली. कुसुमाग्रजांच्या टिळकवाडीतल्या घरी नवखी माणसंही वही घेऊन जात, असं अण्णा सांगतात. ते स्वतः गेले होते का, हे मात्र टाळतात. मीही विचारत नाही.

वाचन संपलं, तरी कुणी बोलेना. अजून एखादं पान असेल, असं सगळ्यांना वाटलं असावं. मीसुद्धा उशाशी चाचपडून पाहिलं. मग बँकेतला मुलगा चहा टाकायला उठला.