पाहुणचाराचे पैसे

मामाचा गाव ही मराठी बालपणाची हक्काची मालमत्ता होती. सातबाऱ्यावर तिची नोंद नसे, तिचा सारा भरावा लागत नसे आणि भावाभावांत तिची वाटणीही होत नसे. परीक्षा संपली की भाचरांची पलटण एस. टी.तून उतरे आणि महिनाभर विहीर, गोठा, आंब्याची झाडे या सर्वांचा ताबा घेई. त्या महिन्यात मामीला किती भाकऱ्या थापाव्या लागत, याचा हिशेब मात्र कोणी ठेवल्याचे ऐकिवात नाही.

आता भाचे आहेत, मामाही आहे. मधले गाव तेवढे गळून पडले आहे. माझ्या मुलांचा मामा डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माणूस लाखातला, भाच्यांवर जीव टाकणारा. पण त्याच्याकडे विहीर नाही की गोठा नाही. एक गॅलरी आहे, आणि तिच्यात कपडे धुण्याचे यंत्र आहे.

ही उणीव काही शेतकऱ्यांनी फार लवकर हेरली. रायगड जिल्ह्यातच, नेरळच्या सगुणा बागेत, चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८५ च्या सुमारास शहरातल्या माणसांना शेतावर बोलवायला सुरुवात केली. पुढे २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळच्या पळशीवाडीत असेच केंद्र उभे केले आणि इतर शेतकऱ्यांनाही ती वाट दाखवली. २०२० साली राज्य सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण आणले. या साऱ्याला ‘कृषिपर्यटन’ असे भारदस्त नाव आहे. आमच्या घरी मात्र सगळे त्याला ‘विकतचा मामा’ म्हणतात.

गेल्या वर्षी भाऊबीज आटोपल्यावर आम्ही अशाच एका शेतावर दोन दिवस राहून येणार आहोत, असे मी कॉलेजात सांगितले, तेव्हा एक सहकारी म्हणाले, “शेत बघायला पैसे? उद्या तुम्ही पाऊस बघायलाही तिकीट काढाल!” बोलणे थट्टेचे होते, पण त्यामागची भावना खरी होती. पाहुणचाराचे पैसे घेणे आणि देणे, दोन्ही आपल्याला कुठेतरी टोचते. मला ते तेव्हाही टोचत नव्हते आणि आजही टोचत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आम्ही गेलो ते बिरवाडीला. महाडहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ नदीच्या काठचे हे गाव. शेजारी महाडची औद्योगिक वसाहत, समोर सह्याद्रीची भिंत. माझे माहेर मूळचे त्याच बाजूचे, आणि म्हणून माझे वडील, अण्णा, आमच्याबरोबर होते. १९६६ साली अठराव्या वर्षी त्यांनी हा मुलूख सोडला आणि लालबागच्या एका खोलीत नऊ जणांत दहावे म्हणून राहिले. गिरणीत लागले. १९८२ च्या संपात ती नोकरी गेली, तेव्हा एका दुकानात हिशेब लिहू लागले. वाटणीत आलेली दोन खाचरे कधीच विकली गेली होती. साठ वर्षांनी ते बिरवाडीला निघाले होते पाहुणे म्हणून, आणि तेही पैसे भरून.

गाडीत ते फारसे बोलले नाहीत. कारखान्यांची धुराडी मागे पडल्यावर त्यांनी काच खाली केली आणि एवढेच म्हणाले, “हळवं भात कापून झालेलं दिसतंय. गरवं उभं आहे.” माझ्या मुलांना त्या वाक्यातला एकही शब्द कळला नाही.

शेत छोटे होते. यजमान पस्तिशीचा तरुण, पूर्वी कारखान्यात पाळीवर जाणारा. घरात त्याची आई, बायको आणि सात-आठ वर्षांचा मुलगा. पाहुण्यांसाठी दोन खोल्या, अंगणात सारवलेले खळे, गोठ्यात दोन बैल, एक गाय, एक वासरू. शेताच्या नावाखाली पोहण्याचा तलाव आणि कर्कश गाणी पुरवणारी ठिकाणे पुष्कळ निघाली आहेत. हे त्यांतले नव्हते. इटलीत १९८५ साली या व्यवसायाचा राष्ट्रीय कायदा झाला, त्यात शेती हीच मुख्य राहिली पाहिजे आणि पाहुणचार तिच्या जोडीला असावा, असा दंडक घातला गेला. मुलांना कुठे न्यावे हे ठरवताना आईबापांनीही हीच कसोटी लावावी. पाहुणे आले नसते, तरी हे शेत इथे असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल जावे.

मुलांचे दोन दिवस कसे गेले ते काय सांगू! पहिलीतल्या धाकट्याने वासराला आपले नाव, इयत्ता आणि तुकडी सांगितली. चौथीतल्या थोरलीने खळ्यावर भाताची पेंढी फळीवर झोडून पाहिली. पहिले दाणे उडाले तेव्हा तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. चौथ्या पेंढीला हात भरून आले. “अजून किती आहेत?” तिने विचारले. यजमानाने कोपऱ्यातली उडवी दाखवली. घराच्या पागोळीला टेकेल एवढी ती पेंढ्यांची रास पाहून ती मुकाट्याने ओटीवर जाऊन बसली. वर्गात मी ग्रामीण कथा शिकवते तेव्हा ‘खाचर’, ‘उडवी’, ‘भारा’ हे शब्द फळ्यावर लिहून अर्थ सांगावे लागतात. शब्दकोशात भाऱ्याचा अर्थ मिळतो. त्याचे ओझे त्या मुलीला मिळाले.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि वालाचे बिरडे होते. जेवण झाल्यावर अण्णांनी यजमानाला विचारले, “भातावर भागतं का रे?”

“भातावर काय भागणार, बाबा?” तो हसला. “घरात खायला होतं. विकायला म्हणाल तर हमीभाव बघा.”

तो आम्हीही पाहिला. २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता, म्हणजे किलोला २४ रुपयांच्या आतच. आमच्याकडून तो एका माणसाचे, एका दिवसाचे, जेवणाखाणासह १,५०० रुपये घेत होता. अण्णांनी दुकानात हिशेब लिहिलेला, ते क्षणात म्हणाले, “म्हणजे माझ्या एका मुक्कामाला ६३ किलो भात झाला.” मग ते थोडा वेळ थांबले. “आमच्याकडेही पाहुणे यायचे. पंढरपूरला जाणारे, घाटावरून उतरणारे, मुंबईचे. सगळ्यांना जेवू घालायचो, पैसे कुणाकडून घेतले नाहीत. म्हणून तर पाऊस संपायच्या आत कणगी रिकामी व्हायची, आणि म्हणून तर मला मुंबईला जावं लागलं.”

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. जमाखर्च वाचून दाखवावा, तसे ते बोलले. पण मला वाटते, पाहुणचाराचे पैसे घेऊ नयेत असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा जमाखर्च एकदा ऐकावा. फुकटचा पाहुणचार फुकट नव्हताच. त्याची किंमत घरातले एखादे अठरा वर्षांचे पोर गाव सोडून चुकती करीत असे.

आणि दुसरी किंमत मामी देत असे. यजमानाची बायको पहाटे चारला उठत होती. पाहुणे असले की भाकऱ्या दुप्पट होतात, हे तर उघडच आहे. तिला मी विचारले, “इतकं काम वाढलं, त्रास नाही वाटत?” ती म्हणाली, “ताई, काम पहिलंही होतंच. पाहुणे नवऱ्याकडचे होते, एवढंच. आता वही आहे.” तिने खरोखरच चूलघरातून एक वही आणून दाखवली. तारीख, माणसे, आलेले पैसे, त्यांतून बचत गटात भरलेले पैसे. “भाताचे पैसे ह्यांच्या हातात येतात, हे माझ्या हातात.” मामीचा हिशेब अखेर कोणीतरी ठेवला होता, आणि तो मामीनेच ठेवला होता.

सगळेच काही गोडगोड नाही. त्याच बाजूच्या डोंगरात तळिये आहे. २२ जुलै २०२१ रोजी तिथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत महाड शहर पुराच्या पाण्यात होते. त्या वर्षी कित्येक महिने आपल्याकडे एकही पाहुणा फिरकला नाही, असे यजमान म्हणाला. भात मात्र उरलेल्या खाचरांतून काढावेच लागले. पाहुण्याला सुटी बदलता येते, शेतकऱ्याला पावसाळा बदलता येत नाही. शेत पाहायला नेलेल्या मुलांना हेही सांगावे. आम्ही थोरलीला सांगितले. तिने डोंगराकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले.

संध्याकाळी मुले ओटीवर गप्पा मारीत होती. आमच्या धाकट्याने यजमानाच्या मुलाला विचारले, “तू सुटीत कुठे जातोस?”

“मामाकडे.”

“कुठे?”

“डोंबिवलीला. तिथं सरकता जिना आहे.”

धाकट्याला यात विशेष काही वाटले नाही. त्याने फक्त इमारतीचा मजला विचारला. पण मी आणि अण्णा, दोघेही हसलो. आपण ज्याच्या गावाला मामाचा गाव म्हणतो, त्याचा मामा आपल्या शेजारी राहतो! दोन्हीकडची मुले सुटीत एकमेकांची गावे पाहायला निघाली आहेत. एकाला वासरू हवे आहे, दुसऱ्याला जिना. दोघांचीही हौस खरी आहे, आणि कोणाची श्रेष्ठ, हे ठरवण्याचे कारण नाही.

निघताना मी पैसे काढले, तर अण्णांनी मला थांबवले. “मी देतो.” त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि यजमानाच्या हातात न देता, त्याच्या बायकोच्या हातात दिल्या. तिने वहीत लिहिले. मग त्यांनी खिशातून आणखी शंभराची एक नोट काढली, त्या मुलाला जवळ बोलावले आणि त्याच्या मुठीत कोंबली.

ती घाईने म्हणाली, “अहो बाबा, हे कशाला? पैसे पुरे झाले.”

“ते बिलाचे,” अण्णा म्हणाले. “हे खाऊचे. हे वहीत लिहायचे नसतात.”