तीन दगडांची चूल

पाठीवर ओझे घेऊन हिंडण्यात माणसाला एवढे सुख का वाटावे, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. घरी पाण्याची कळशी इकडची तिकडे ठेवताना कुरकुरणारा गृहस्थ पाठीवर भली थोरली सॅक चढविताच एकाएकी तरुण होतो. आमच्या मुलखाला ही हौस नवी नव्हे. दर आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून निघते आणि बेलवाडीचे रिंगण आटोपून, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत सराटीला पोहोचते. तिच्यामागून चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावरही पडशी असतेच. भेद इतकाच की, आपणास कोठे जावयाचे आहे हे त्याला ठाऊक असते. आम्हा तिघा मित्रांना मात्र कोठेच जावयाचे नव्हते आणि आमच्या बेताचा सारा मोठेपणा आमच्या मते यातच होता!

आमच्यात एक मास्तर, एक वकील आणि तिसरा मी. 2025 सालच्या एप्रिलात भिगवणच्या बाजूने उजनीच्या पाण्यात होडीने जावे, उघड्या पडलेल्या एखाद्या बेटावर दिवसभर लोळावे आणि सायंकाळी परतावे, एवढाच कार्यक्रम होता. पक्षी मोजावयाचे नाहीत, छायाचित्रे काढावयाची नाहीत, कोणी ज्ञान सांगावयाचे नाही, असे ठराव एकमताने संमत झाले. घड्याळे काढून सॅकच्या तळाशी ठेवण्यात आली. वकीलसाहेबांनी मोबाईलही बंद केला. त्यांच्या आयुष्यातील हा त्याग मी प्रथमच पाहत होतो.

होडीवाले गृहस्थ आमच्याच वयाचे, किंबहुना दोनचार वर्षांनी लहानच असतील. परंतु उन्हाने रापलेला चेहरा आणि कमी बोलणे यांमुळे आम्ही त्यांना पहिल्या वाक्यापासून तात्या म्हणू लागलो. त्यांनी आम्हाला एका लांबट उंचवट्यावर उतरविले. काठाशी चिकचिकीत गाळ, वर भेगाळलेली काळी जमीन आणि मधोमध वाळलेल्या बाभळीचे दोन बुंधे. त्या बुंध्यांवर चादर ताणून आम्ही सावली केली. दूर पाण्यात रोहित पक्ष्यांचा एक गुलाबी पट्टा दिसत होता. तो जवळ आला नाही आणि आम्हीही त्याच्याकडे गेलो नाही. भाकरी, पिठले आणि कांदा खाऊन आम्ही जे आडवे झालो ते ऊन कलेपर्यंत.

ज्ञान सांगावयाचे नाही हा ठराव प्रथम मोडला तो मास्तरांनी. ते गणिताचे. धरणाच्या टक्केवारीचे कोडे त्यांना फार दिवस छळीत होते. भीमेवरील हे धरण 1980 साली पुरे झाले. त्यात सुमारे 117 अब्ज घनफूट पाणी मावते. परंतु त्यांतील सुमारे 63 अब्ज घनफूट हा मृत साठा समजतात. त्यावरचे जे पाणी, तेवढेच हिशेबात धरावयाचे. म्हणून डोळ्यांसमोर समुद्र पसरला असताही वर्तमानपत्रात शून्य टक्के छापून येते आणि पाणी त्याहून उतरले की आकडा चक्क वजा होतो. "नाही त्यातून वजा करावयाचे, हे मुलांना समजाविताना माझा जन्म गेला," मास्तर म्हणाले, "आणि येथे सरकारच ते करून दाखविते!"

आम्ही हसलो. होडीत जाळे निरखीत बसलेले तात्याही किंचित हसले आणि म्हणाले, "तुमचं पाणी वजा झालं, की आमचं गाव शिलकीत येतं."

त्या वाक्याचा पुरता अर्थ त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही. चहाची तलफ आली होती. मी इकडेतिकडे फिरून चुलीसाठी दगड गोळा केले. दोन ओबडधोबड होते. तिसरा मात्र चांगला घडीव, एका अंगाने सपाट असा सापडला. तो अर्धवट गाळात रुतला होता. जोर करून मी तो उपटून आणला आणि आपल्या पराक्रमावर खूश होऊन बाभळीच्या काटक्या पेटविल्या.

चहा उकळतो न उकळतो तोच पश्चिमेकडून वारा सुटला आणि पाहता पाहता पाण्याचा रंग पालटला. तात्यांनी होडी वर ओढून बुंध्याला बांधली आणि शांतपणे सांगितले, "आता सकाळीच."

वाचकहो, निवांतपणाची खरी परीक्षा येथे होते. वेळेचे बंधन नको म्हणून जे तीन वीर घरून निघाले होते, त्यांनी एकाच वेळी सॅकच्या तळाशी हात घालून घड्याळे बाहेर काढली! वकीलसाहेबांची दुसऱ्या दिवशी तारीख होती. त्यांनी आधी विनंती केली, मग दुप्पट भाडे देऊ केले आणि शेवटी आवाज चढविला. तात्या म्हणाले, "साहेब, कळाशी-कुगावची होडी आठवती ना?"

वकीलसाहेब गप्प झाले. 21 मे 2024 रोजी कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान प्रवाशांची होडी वादळात उलटून सहा माणसे याच पाण्यात बुडाली होती. नदीच्या दोन तीरांवरील गावांमध्ये धरणाने कोसांचे पाणी पसरविले. रस्त्याचा वळसा फार लांबचा म्हणून लोक होडीत बसतात. आम्ही मौजेसाठी बसलो होतो. ते बाजारासाठी, लग्नासाठी, दवाखान्यासाठी बसतात. हा भेद त्या वाऱ्यात अंगाला झोंबला.

रात्री वारा पडला. तात्यांनी जाळ्यातली चिलापी भाजली. चुलीजवळ सरकून बसताना त्यांनी त्या घडीव दगडावरून हात फिरविला आणि तो कोठे सापडला ते विचारले. मी जागा दाखविली. "तिथं वाडा होता," ते म्हणाले. "जोत्याचा हाय ह्यो. पाणी चढलं तवा मी आठ-नऊ वर्सांचा. आमचं घर त्याच्या खाली, उताराला. ते अजून उघडं पडत न्हाई." मग त्यांनी अंधारात हात करून पळसदेवाची दिशा दाखविली. तेथले जुने पळसनाथाचे देऊळही पाण्यात गेले. गाव नव्या जागी वसले, पण पाणी फार उतरले की देऊळ वर येते आणि माणसे जुन्या गावाला पाहुण्यासारखी जाऊन येतात.

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते. तक्रारीला आमच्या वकीलसाहेबांनी काहीतरी उत्तर दिले असते. मला मात्र झोप आली नाही. बारामतीचे माझे घर कालव्याच्या पाण्यावर वाढले. आमच्या वडिलांचा ऊस, माझे शिक्षण, ही पाठीवरची सॅकसुद्धा, सगळे नीरा डाव्या कालव्याचे देणे. त्या कालव्याला पाणी देणारे भाटघरचे धरण भोरकडे, वेळवंडी नदीवर आहे. त्याच्या पोटातही कांबरेश्वराचे देऊळ आहे आणि तेही उन्हाळ्यात असेच वर येते. त्याचे छायाचित्र मी कौतुकाने मित्रांना पाठविले होते. देवळाभोवतीच्या घरांचे काय झाले, हे मात्र मी साऱ्या जन्मात कोणाला विचारले नव्हते. धरणे नसती तर हा मुलूख करपून गेला असता हे मी जाणतो, आणि सोलापूरची तहान उजनीच भागविते हेही. परंतु ज्याचे पाणी आपण पितो त्याची ओळखही नसावी, याला मात्र दुष्काळाची सबब चालत नाही.

पहाटे सर्वांच्या आधी उठून मी तो दगड उचलला आणि जेथून उपटला होता तेथे नेऊन बसविला. खळगा पुष्कळसा बुजला होता. दगड पहिल्यासारखा बसेना. तात्या येऊन उभे राहिले, वाकून त्यांनी तो जरासा फिरविला आणि तो नीट बसला. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

वकीलसाहेबांची तारीख चुकली. मोबाईल चालू केल्यावर कळले की पुढची पडली होती. त्यांनी दुप्पट कबूल केलेले भाडे तात्यांनी एकपटच घेतले.

त्या पावसाळ्यात उजनी भरल्याची बातमी आली. आमच्याकडे सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. फक्त मनात एक क्षुल्लक प्रश्न उरला. त्या दगडाची एक बाजू माझ्या चहाने काळी केली होती. ती काजळी पाण्याने धुऊन निघाली असेल काय?