गावचे दुकान

आपल्या लोकांच्या जुन्या गोष्टी निघाल्या की शनिवार तेल्यांचा घाणा आठवतो, पलटणीतले सुभेदार आठवतात, मुंबईतल्या नोकऱ्या आठवतात. परंतु कोकणातल्या काही घरांनी किराणा मालाची दुकानेही चालवली, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आमचे घर त्यांतलेच. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडात, अलिबागजवळ एका लहान गावी आमचे दुकान होते. १९७८ साली इस्राएलला येईपर्यंत आम्ही भावंडे शाळा सुटली की दप्तर टाकून ओटीवरच्या त्या दुकानात बसत असू.

दुकान म्हणजे आयता पैसा, असे पुष्कळांना वाटते. हिशेब पाहा. शंभर किलो साखरेचे पोते शंभर शंभर ग्रॅमच्या पुड्यांनी विकले, तर हजार वेळा तागडी उचलावी लागते. दर खेपेस दोनच ग्रॅम जास्त गेले तरी दोन किलो साखर गेली. कमी तोलले तर गावात नाव गेले. बाबा म्हणत, "काटा मध्ये उभा राहिला पाहिजे, गिऱ्हाइकाकडे नको आणि आपल्याकडेही नको." त्यात म्हाताऱ्या बायका दशमान वजने आल्यावरही पावशेरच मागत. पावशेर म्हणजे २३३ ग्रॅम आणि पाव किलो म्हणजे २५०. माल जास्त जाई म्हणून पैसेही जास्त पडत, आणि त्यांना वाटे आम्ही भाव चढवला. हे समजावता समजावता आमचे गणित पक्के झाले.

पावसाळा आला की मालाची राखण हेच मोठे काम. मीठ पाझरे, गुळाच्या ढेपेला पाणी सुटे, काड्यापेट्या सादळत, रव्यात अळ्या होत, उंदीर पोती कुरतडत. सगळा माल जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर ठेवावा लागे. रॉकेलचे पिंप वेगळ्या कोपऱ्यात. रॉकेल मोजलेल्या हाताने पीठ दिले तर ते तसेच परत येई. वादळी हवेत रेवसची लाँच बंद राहिली की मुंबईचा माल अडकून पडे.

पण खरी अडचण उधारीची होती. आषाढात कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, त्या नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात जात. शेतकऱ्याच्या हाती पैसा भाताची कापणी झाल्यावर. म्हणजे जूनपासून दिवाळीपर्यंत गावात रोकड नसे, आणि पोट तर रोजचे. सारे गाव वहीवर जगे. इकडे घाऊक व्यापाऱ्याला मात्र पंधरा दिवसांत पैसे हवेत. ही फट कशी बुजवायची? आमच्याकडे ती आईच्या पाटल्यांनी बुजवली जाई. जूनमध्ये पाटल्या गहाण पडत, दिवाळीनंतर सुटून येत. आम्हाला लहानपणी वाटे, पाटल्या उन्हाळ्यातच घालायच्या असतात.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. भाव भडकले. मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आमच्यासारख्या लहान दुकानदाराची दोन्हीकडून कोंडी झाली. वरून माल मिळेना, मिळाला तर चढ्या भावाने. आणि गिऱ्हाईक समजे, दुकानदारानेच साठा लपवला. त्या वर्षी वही भरली, वसुली झाली नाही, आणि पाटल्या सुटून आल्या नाहीत. पुढे १९७५ साली आणीबाणीत भाव आणि साठा फळ्यावर लिहिण्याची सक्ती झाली. रोज सकाळी खडूने ते लिहिणे आम्हा मुलांचे काम.

शुक्रवारी दिवे लागायच्या आत दुकानाच्या फळ्या लागत, त्या शनिवारी रात्री निघत. दारफाळणीच्या सणाला तर घराचेही दार उघडत नसे. गावाला हे ठाऊक होते. तरी एखाद्या शनिवारी कोणी धावत येई, "दादा, पोराला जुलाब लागलेत, साखर पाहिजे." बाबा आतले दार उघडून देत व सांगत, "तुझ्या हाताने घे." पैसे घेत नसत, लिहीतही नसत. रविवारी माणूस आपण होऊन येई आणि किती घेतले ते सांगे. यात कोणी फसवल्याचे आम्हाला आठवत नाही.

या ओळी लिहिणारीने पुढे इथे परिचारिकेची नोकरी केली. रोग्याचा तक्ता वाचायला शिकण्याआधी आम्ही ती वही वाचायला शिकलो होतो. ज्या घरचे तेल बंद होऊन नुसती साबुदाण्याची नोंद होई, त्या घरी कोणी आजारी आहे हे न विचारता कळे.

निघायच्या वर्षी बरेच जण बाकी देऊन गेले. कोणी रोख दिली, कोणी तांदूळ, कोणी नारळ. जी राहिली त्याची वही बाबांनी नव्या मालकाला दिली नाही, चुलीत घातली. ते म्हणाले, "तो वसुलीला जाईल, आणि शिव्या आपल्या नावाने पडतील." आईला हे कधीच पटले नाही. तिचे म्हणणे होते, त्या वहीत तिच्या पाटल्या होत्या. दोघेही आज नाहीत. आम्हा भावंडांत अजून या गोष्टीवर दोन पक्ष आहेत, आणि वय वाढत चालले तसे आईच्या पक्षाला जास्त मते पडू लागली आहेत.

इथल्या जुन्या मकोलेतमध्येही उधारीची वही असे, हे वाचकांना ठाऊक आहेच. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे दुकान होते, त्यांनी नातवंडांना बाबांच्या दिलदारपणाबरोबर त्या दिलदारपणाचे पैसे कोणी भरले, तेही सांगावे.